जुनं केलेलं बाक

कसनावीनं साखळी उचलली आणि नव्याकोऱ्या सागवानी बाकावर पुन्हा हाणली.

"अहो, बाक जुनं करताय की सूड उगवताय?" उंबऱ्यातून त्याच्या बायकोनं, रुम्यातीनं विचारलं.

जेपारा गावातल्या फर्निचरच्या कारखान्यात नव्या लाकडाला म्हातारं करण्यात कसनावीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण हे बाक गिऱ्हाइकाचं नव्हतं. शेजारच्या तुरमुदीसाठी होतं. त्याला तो थोरल्या भावाच्या मानानं 'कांग' म्हणायचा. मोतीबिंदू काढायला समारांग शहरात लेकीकडे जाताना तुरमुदी घराची किल्ली आणि अंगणातलं बाक कसनावीच्याच भरवशावर सोडून गेला होता. त्या बाकावर तो आणि त्याची बायको मुर्सिनाह चाळीस वर्षं संध्याकाळी बसायचे. ती गेल्यावर तो एकटाच बसायचा.

आणि गेल्या आठवड्यात कसनावी भजीची बशी घेऊन त्यावर टेकला, तो थेट जमिनीवर! वाळवीनं बाक आतून पोखरलं होतं. लाकडातला जाणता म्हणवणाऱ्या माणसाला महिनाभर पत्ता लागला नव्हता. वाळवी घरांत शिरेल म्हणून रुम्यातीनं सगळा चुरा त्याच दिवशी चुलीत घातला.

"खरं सांगून टाका की," ती आता म्हणाली.

"काय सांगू? 'कांग, बायकोची एकच गोष्ट सांभाळायला दिलीस, ती मी बसून मोडली'?"

म्हणून त्यानं तसंच नवं बाक बनवलं होतं; लाकूड कारखान्यातल्या उरल्यासुरल्या फळ्यांचं होतं. विकतचे रंग परवडणारे नव्हते. कसनावीनं चुलीवर उकळून काळाकुट्ट केलेला चहा बाकाला फासला. तो वाळल्यावर गंजके खिळे आठवडाभर बुडवून ठेवलेलं व्हिनेगर वरून चोळलं. बघता बघता पिवळं लाकूड करडं पडलं. रुम्याती नाकाला ओढणी लावून बघत होती, पण अखेर तिच्याच्यानं राहवलं नाही.

"कांग डावीकडे बसतात. तिकडे जास्त झिजवा. मुर्सिनाह हलकी होती."

त्यानं तारेच्या ब्रशनं डावी कडा घासली.

"आणि खालची बाजू?" तिनं विचारलं.

"खाली वाकून कोण बघतंय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तुरमुदी आला. अंगणात त्यानं काळा चष्मा काढला आणि नव्या डोळ्यांनी बाकाकडे पाहत राहिला.

"एवढं काळवंडलंय होय रे? आठ वर्षांत धड दिसलंच नव्हतं."

कसनावीचा जीव भांड्यात पडला. तुरमुदी डावीकडे बसला, कडेवरून तळवा फिरवला, मान डोलावली. मग सवयीनं त्याचा उजवा हात मुर्सिनाहच्या बाजूला गेला आणि बोटं फळीखाली शिरली. तिथंच ती थांबली.

तेव्हा कसनावीला आठवलं. मुर्सिनाह पान लावायची आणि बोटाला राहिलेला चुना बाकाखाली पुसायची. तिथं चुन्याचा जाड थर झाला होता. "बाकाची रया घालवलीस," म्हणून तुरमुदी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा. आणि ती गेल्यापासून रोज त्याच थरावर बोटं ठेवून बसायचा. हे रोज डोळ्यांसमोर होतं, तरी कसनावी विसरला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"कांग, ते बाक... माझ्याकडून मोडलं. वाळवी लागली होती. मला कळलंच नाही."

तुरमुदीची बोटं अजून फळीखालीच होती.

"हे तू केलंस?"

"हो."

"माझ्या बाजूला जास्त झिजवलंस."

"रुम्यातीनं सांगितलं."

तुरमुदीनं डोळे पुसले. डॉक्टरनं चोळायचे नाहीत म्हणून बजावलं होतं, तरी पुसले.

"रुम्याती," त्यानं हाक मारली, "तुझी सासू अजून पान खाते ना? तिचा डबा आण जरा."

रुम्यातीनं डबा आणला. तुरमुदीनं चुन्याची डबी उघडली, बोटावर थोडा चुना घेतला आणि वाकून, उजव्या बाजूला, फळीखाली पुसला. मग डबी कसनावीपुढे सरकवली.

"पूस तूही. आणि रोज संध्याकाळी येत जा. एकट्यानं पुसून तेवढा थर व्हायला चाळीस वर्षं लागतील, माझ्याकडे तेवढी नाहीत."

कसनावीनं चुन्यात बोट बुडवलं. रुम्याती ओढणी खोचून त्याच्यामागे उभी राहिली, आपली पाळी यायची वाट बघत.