वाळेपर्यंत

"हलू नकोस ना जरा."

"मी कुठे हलतेय? तुमचाच पाय बघा," बायको म्हणाली.

तिचं चित्र काढता काढता त्याने खाली पाहिलं. उजवा पाय फरशीवर दाबला जात होता, जणू खाली ॲक्सिलरेटरच होता. उभा जन्म त्याने रुग्णवाहिका चालवली. निवृत्तीनंतर घरात येरझाऱ्या घालून त्याने बायकोला भंडावून सोडलं, तेव्हा तिनेच त्याला तैलचित्रांच्या वर्गात पिटाळलं होतं.

तिथल्या बाईंची पद्धत जुनी. आधी नुसत्या करड्या रंगात अख्खा चेहरा उभा करायचा, आणि तो पुरता वाळला की मगच त्यावर पातळ थरांनी कातडीचे रंग चढवायचे.

"काका, घाई केलीत तर चिखल होईल," त्या सांगत.

त्याने घाई केलीच. बायकोच्या जबड्यात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याला तिचा चेहरा त्याआधी पुरा करायचा होता. ओल्या करड्यावरच त्याने गुलाबी फासला. गाल मळकट झाला. सगळं पुसून त्याने करडा पुन्हा उभा केला. तो वाळायच्या आत तिला इस्पितळात न्यायची वेळ आली. गाडी दुसराच कुणी चालवत होता.

"किती रेंगाळतोय हा," तो मागच्या बाकावर चुळबुळत म्हणाला.

"चालवू द्या त्याला," ती म्हणाली.

ती घरी आली तेव्हा तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली होती. शब्द ओठांच्या कोपऱ्यातून निसटत होते.

चित्र एव्हाना वाळलं होतं. त्याने तिला खिडकीपाशी बसवलं, रंग कालवले आणि जुन्या करड्या ओठांवर कुंचला टेकवला.

"तुम्ही माझ्याकडे बघतच नाही आहात," ती सावकाश म्हणाली.

"ओठ पाठ आहेत मला."

"मग मला कशाला ताटकळत ठेवलंय?"

ती उठली नाही. वाट बघत राहिली.

शेवटी त्याने रंग काढायचं पातं उचललं. वाळलेला रंग सहजी सुटेना. तोंडाच्या जागी कापडाचे धागे दिसेपर्यंत तो खरवडत राहिला. मग पुन्हा करडा कालवून त्याने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं, किती तरी वेळ.

"हे वाळायला पुन्हा बरेच दिवस जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत."

तिने खुर्ची जराशी वळवली आणि डावी बाजू उजेडात आणली.