एमिलच्या ट्रकला लागलेला हात

“बॉनेटला हात लावू नकोस. आधी मला बघू दे, कोणी उघडलंय का ते,” एमिल कुचेरा म्हणाला आणि चष्मा कपाळावर चढवून स्वतःच्याच ट्रकवर ओणवा झाला.

डुएन पोस्पिशिल हातातले फडके झाडत बाजूला उभा राहिला. आमच्या गावात गॅरेज एकच, त्यामुळे एमिलचा संशय झेलायची पाळी नेहमी डुएनवर यायची. एमिलची सारी नोकरी धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी गेलेली. वर कोरडा मका आणि खाली ओला, अशी गाडी कोणी आणली का, हे हुडकणे हेच त्याचे काम. माणूस निवृत्त झाला, नजर काही झाली नाही.

“काय, ठसे मिळाले?” डुएनने विचारले.

“हस तू. मागच्या महिन्यात तूच दुरुस्त करून दिलास ना? परत तेच. पेडल दाबलं की खोकतो, चढावर दम तोडतो, आणि तो पिवळा दिवा डोळे वटारून बसलाय माझ्याकडे. तू अर्धवट काम करतोस की दुसऱ्या कोणाचा हात आहे, एवढंच मला कळायला हवंय.”

“मग मला बघू तरी द्या.”

ट्रक जुना असला तरी इंजिनाला कॉम्प्युटर आल्यानंतरचा होता. मागच्या वेळी डुएनने त्यावर बरेच डोके खपवले होते. इंजिन लीन चालत होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. असे झाले की पहिला संशय फाटक्या नळीवर. त्याने हवेच्या वाटेने आत धूर सोडून पाहिला, तो कुठूनही बाहेर आला नाही. पेट्रोलचा दाब मोजायचा काटा काचेपाशी बांधून ट्रक रस्त्यावर पळवला, दाब पुरेसा होता. मग स्कॅनरवर त्याला एक गोष्ट खटकली. ट्रक उभा असताना दोष थोडा, आणि वेग वाढेल तसा दोषही वाढत होता. नळी फाटली असती तर उलटे झाले असते. म्हणजे आत जाणारी हवाच कॉम्प्युटरला कमी दिसत होती. ती हवा मोजणारी बारीक तार डुएनने बाहेर काढली, तर तिच्यावर मळ. फवारा मारून साफ केली आणि ट्रक सुतासारखा सरळ झाला.

या वेळी त्याने तार आधीच काढली. तिच्यावर पुन्हा लालसर चिकट थर होता. मग त्याने हवेच्या फिल्टरचे झाकण उघडले.

“एमिल, हे बघा.”

फिल्टर उचलताच त्यातून लाल तेल ठिबकले. धुऊन पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर होता तो. धूळ धरून ठेवायला त्यावर तेलाचा हलका हात द्यायचा असतो. इथे कोणीतरी आंघोळच घातली होती. जास्तीचे तेल हवेबरोबर पुढे जाऊन तारेवर बसत होते.

“हे तुमच्याकडे कोण करतं?”

“आमची ही, डेलोरिस. दर वसंतात, ईस्टरच्या आधी. घर धुवायला काढते, त्यातच ट्रकचा फिल्टरही येतो. पण तिचा हात चुकायचा नाही, डुएन. गोड कोलाच-पावाचं पीठ ती कधी मोजून घेत नाही, तरी एवढ्या वर्षांत बिघडलेलं नाही. आणि आता ऑक्टोबर आहे.”

“हे तेल तर ताजं आहे.”

एमिलचा चेहरा एकदम उजळला. संशयाला माणूस सापडला की तो असाच उजळायचा.

“लेरॉय,” तो म्हणाला.

लेरॉय झाबका रस्त्यापलीकडे राहायचा. बायको मार्जी गेल्यापासून एकटा. आमच्याकडे शेडला कुलूप लावायची पद्धत नाही. शेजाऱ्याने यावे, हवे ते हत्यार न्यावे, परत आणून ठेवावे. लेरॉयला एमिलचा ट्रक आवडायचा, विकतोस का म्हणून त्याने दोनदा विचारलेही होते. एमिलला एवढे पुष्कळ झाले. ट्रक कंटाळून विकावा म्हणूनच तो हे करतोय! एमिल आतून घाबरलाही होता. घरात दुसरी गाडी नव्हती. बर्फ पडायला लागल्यावर डेलोरिसला काही झाले आणि ट्रक चढावर बंद पडला तर?

रविवारी दुपारी लेरॉय नेहमीसारखा पत्ते खेळायला आला. डेलोरिसने कॉफी दिली. एमिलने पत्ते पिसले, पण वाटले नाहीत.

“माझ्या शेडमध्ये तुझं काय काम असतं रे?”

“पाना घ्यायला येतो. का?”

“आणि तेलाचा डबा?”

लेरॉयला आधी थट्टाच वाटली. मग सगळे ऐकल्यावर त्याचे कान लाल झाले.

“मार्जीच्या शवपेटीला तू खांदा दिलास, एमिल. आणि तुला वाटतं, मी तुझा ट्रक मारायला बसलोय?”

“वाटतं काय, दिसतंय.”

लेरॉयने कॉफी तशीच ठेवली, टोपी घेतली आणि गेला. दार त्याने हळूच लावले. आदळले असते तर एमिलला बरे वाटले असते.

थोड्या वेळाने डेलोरिस स्वयंपाकघरातून हात पुसत आली, “लेरॉय आज आला नाही का रे?”

“टोमणे मारू नकोस,” एमिल खेकसला.

ती गोंधळून परत आत गेली.

डुएनने ट्रक साफ करून दिल्यावर एमिल पहाऱ्याला बसला. शेडच्या मागच्या फळीत फट होती. तिथे बाहेर बादली उपडी घालून तो दुपारभर बसायचा. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दुपारी दार करकरले. एमिलने फटीला डोळा लावला.

डेलोरिस आत आली. तिच्या हातात तेलाचा लाल डबा होता. तिने बॉनेट उघडले, फिल्टर काढला, अॅप्रनवर ठेवला आणि लहान मुलाचे केस विंचरावेत तसे घडीघडीतून तेल सोडू लागली. ती काहीतरी गुणगुणत होती. डबा चांगलाच हलका होईपर्यंत तिचे काम चालले.

एमिल फिरून दारातून आत आला.

“काय करतेस?”

“घाबरवलंस की मला! फिल्टर, दुसरं काय? ईस्टर तोंडावर आलाय, आणि तुला मेल्या आठवण म्हणून नाही.”

दारातून बाहेरचे शेत दिसत होते. मका कापून झालेला, नुसती धसकटे. डेलोरिसही तिकडेच बघत होती आणि तिला काही खटकत नव्हते.

दडवलेला माल पकडण्यात एमिलचा जन्म गेला होता. आज पहिल्यांदा त्याला वाटले, आपल्याला काही दिसले नसते तर फार बरे झाले असते. रविवारचा तो टोमणा नव्हता, हेही त्याला आत्ता कळले.

“पुरे आता,” तो कसाबसा म्हणाला.

“तुला काय कळतं यातलं? तू आपला काटा बघ.”

“खरंय,” एमिल म्हणाला आणि तिचे होईपर्यंत बॉनेट धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर गेला. “कागदी फिल्टर बसव. झाकणाला स्क्रू मार. तेल मीच ओतत होतो. चूक माझी.”

डुएनने त्याच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्याने एमिलकडे नीट पाहिले आणि पाना उचलला.

“जुना फेकू का?”

“नको. शेडमध्ये फळीवर राहू दे. तेलाच्या डब्याशेजारी, दिसेल असा.”

परतताना तो लेरॉयच्या दारात थांबला. “ट्रकचं ते... मीच केलं होतं,” तो म्हणाला.

“तू? तू फिल्टर कधी उघडून तरी बघितलायस का?”

“मीच केलं, म्हटलं ना.”

लेरॉयने रस्त्यापलीकडे, एमिलच्या घराकडे पाहिले. “रविवारी येतो,” एवढेच म्हणाला.

रविवारी पत्ते डेलोरिसने वाटले. तिघांनी पाने उचलून लावून घेतली. लेरॉयकडे चांगलीच पाने आलेली असावीत. त्याची मिशी हलली. तेवढ्यात डेलोरिसने हात पुढे केला. “द्या बघू इकडे. अजून वाटायचेत माझे.”

एमिलने मान वर केली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो लेरॉयकडे बघत होता. हा आता काय बोलतो, हसतो की काय. लेरॉयने आपली पाने एकत्र केली, उपडी करून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “वाट, डेलोरिस. या वेळी जरा बरी दे.”