नवी नळी

रायफलच्या नव्या नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग पहिल्या दीडशे गोळ्या तरी वाढतच जातो, तोवर खुणांचा कागद करू नका, असं मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतोय. आणि पोरीच्या रायफलला नवी नळी बसवली, तेव्हा मीच तीस गोळ्यांवर वेग मोजला, कुठल्या अंतराला रायफलवरच्या दुर्बिणीची चकती किती फिरवायची ते कागदावर लिहिलं आणि तिच्या हातात ठेवलं. घाई होती म्हणे! आग लागो त्या घाईला. पुढच्या सव्वाशे गोळ्या तिने शंभर मीटरवर झाडल्या. तेवढ्या अंतरावर फरक कळतच नाही.

आज निवड स्पर्धा होती, सहाशे मीटरची. मी दोरीमागून दुर्बिणीतून बघत होतो. पहिली गोळी वीतभर वर लागली. दुसरीही तिथेच. तिसरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला: गोळीचा वेग वाढला होता आणि कागद तीस गोळ्यांच्या वेळचाच होता. इथे गोळी कुठे लागली ते नेमबाजाला शेवटपर्यंत दाखवत नाहीत, आणि मागून कुणी ब्र काढला तर नेमबाज बाद. "खाली घे," एवढंच सांगायचं होतं. दर गोळीआधी ती माझा कागद वाचत होती.

निकाल बघून ती माझ्याकडे आली. डोळे लाल होते.

"बाबा, माझा श्वासच चुकला असणार," ती म्हणाली. "तुमचा कागद तर मी दर वेळी दोनदा वाचला."