मधला दट्ट्या

"चाट! काय लावलंयस याला, चाटून सांग."

मानासेने ट्रंपेटचा पितळी काठ बायकोच्या तोंडावर दाबून धरला होता. लोसालिनेचा ओठ दातावर फाटला. आधी रक्ताची चव आली, मग खोबऱ्याची.

"खोबरेल," ती म्हणाली.

"वा! आणि मशिनचं तेल कुठं गेलं?"

"संपलं. वाऱ्यामुळं नुकुआलोफा बंदराहून बोटच आली नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं, अहो."

'म्हटलं होतं' हे शब्द त्याला खपले नाहीत. त्याने तिला केसांना धरून खांबाकडे ढकललं. डोकं खांबावर आपटलं, तशी भिंतीवरची विणलेली टोपली खाली पडली. त्याने ती लाथेने दूर उडवली आणि दुसरी लाथ तिच्या बरगडीत घातली.

एउआ बेटावर अंगाला, केसांना, खरजेला, दाराच्या बिजागरीला, मेलेल्याच्या कपाळाला, सगळ्याला खोबरेलच लावतात. देवाचं नाव घेऊन लोसालिनेने काल, आजच्या मयतीसाठी, ट्रंपेटच्या दट्ट्यांनाही तेच लावलं. पण रात्री डोंगरावरून इथल्या हिवाळ्याचा, जुलैचा गारठा उतरला आणि तेल नळीतच थिजलं. सकाळी म्हाताऱ्या पाद्रीबाबांची शवपेटी खड्ड्यात सोडताना ट्रंपेटचा मधला दट्ट्या खाली गेला, तो वर आलाच नाही. डुकराच्या पिल्लावर पाय पडावा तसा सूर निघाला. कमरेला शोकाच्या चटया गुंडाळलेल्या बायका पंखे तोंडापुढे धरून हसल्या. भर मयतीत हसल्या.

मानासेच्या कमरेची चटई अजून सुटली नव्हती.

"उघड ते. माझ्यासमोर साफ कर. उद्या देवळात पुन्हा अडकला ना, तर तीन दट्ट्यांसाठी तुझी तीन बोटं मोडीन."

लोसालिनेने जमिनीवर फडकं पसरलं. ट्रंपेट तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर तो तिच्याबरोबर या घरात आला. वाजवायचा मानासेने, निगा राखायची तिने. दर शनिवारी टोपणं फिरवून दट्ट्ये काढायचे, कोमट साबणपाण्यात धुवायचे, पुसून, तेल देऊन परत ठेवायचे. "पहिला पहिल्याच्याच घरात जाऊ दे गं," वडील सांगायचे. "घर चुकलं की वारा अडतो." दट्ट्ये धुताना ती मनात प्रार्थना म्हणायची. त्याचं मारून झाल्यावरही दट्ट्यांशीच बसून म्हणायची. तिला ती दुसरीकडे कुठे म्हणता येत नसे.

पहिला निघाला, तिसराही निघाला. तिच्या हनुवटीवरून रक्त साबणपाण्यात ठिबकत होतं. मधला मात्र जागचा हलेना.

"थोडं गरम पाणी आणते. ऊब मिळाली की येईल वर."

"गरम पाणी! त्यात तारोचे कंद उकडायचेत का?" मानासे उठला आणि कोपऱ्यातला हातोडा घेऊन आला. "हो बाजूला. मी काढतो."

एकाच घावात नळीला केसाएवढा पोचा पडला असता, आणि दट्ट्या पुन्हा कधी हलला नसता. वडिलांचा या पृथ्वीवर राहिलेला तेवढाच आवाज होता.

"अहो, नको. मला मारा. त्याला नको."

"तुला तर मारतोच आहे."

हातोडा खाली आला. तिने ट्रंपेटवर उजवा पंजा पसरला.

पितळेचा आवाज झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तेवढाच झाला. तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मानासेने हात पुन्हा वर उचलला.

"मानासे, घरात आहेस का?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

हातोडा कमरेच्या चटईखाली गेला. मानासे मटकन बसला आणि त्याने मान खाली घातली. दारात त्याची थोरली बहीण तोआकासे उभी होती. बहिणीपुढे भावाने आवाज चढवायचा नाही, आणि ती मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, हे इथे बाळाला दुधाबरोबर पाजतात.

"या, अक्का."

तोआकासेने आधी साबणपाण्याकडे पाहिलं, मग भावजयीच्या हाताकडे.

"हे काय झालं?"

"पडली ती," मानासे चटईकडे बघत म्हणाला.

"पडली. आणि हातोडा पण तिच्याबरोबरच पडला वाटतं. दांडा दिसतोय बाहेर." ती उंबऱ्याशी टेकली. "सकाळी सूर चुकला तेव्हा सगळ्या ट्रंपेटकडे बघत होत्या. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हाच निघाले. गुडघे चालू देत नाहीत, म्हणून उशीर झाला."

"अक्का, हे आमच्या घरातलं—"

"तुझ्या घरातलं काय माझं नाही, सांग बरं?"

त्याने हातोड्याचा दांडा चटईखाली सारला.

"हा ट्रंपेट मला हवाय."

"उद्या देवळात..."

"हवाय म्हटलं मी."

त्याने दोन्ही हातांनी ट्रंपेट उचलून दिला. निघालेले दट्ट्ये फडक्यात गुंडाळून तेही दिले.

"आता ही."

"ही कोण?"

"बायको तुझी. ही पण मला हवी."

बाईची बोटं मोडणाऱ्या त्या माणसाला 'नाही' एवढा शब्द उचलला नाही. त्याने होकाराची मान हलवली.

वाटेत तोआकासेने विचारलं, "एवढी वर्षं माझ्याशी बोलली का नाहीस गं?"

"भावाचं असलं काही बहिणीच्या कानावर घालू नये म्हणतात, वन्सं."

"ऐकू नये म्हणतात," तोआकासे म्हणाली, "म्हणून मीही ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. नर्सबाईंनी बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. दोन बोटं आता वाकायची नाहीत, असंही सांगितलं होतं. दोघी तोआकासेच्या ओसरीवर बसल्या होत्या. चटईवर ट्रंपेट होता, शेजारी फडक्यावर दोन दट्ट्ये.

घंटा थांबली आणि देवळातून बँडचे सूर आले. जिथे ट्रंपेटने वर चढायचं, तिथे भोक पडल्यासारखं झालं. बाकीची वाद्यं त्याला वळसा घालून पुढे गेली.

लोसालिनेचा डावा हात आपसूक ट्रंपेटकडे गेला.

"राहू दे पोरी," तोआकासे म्हणाली. "देवाचा वार आहे. आज कामाला हात लावायचा नाही."

तिने हात मागे घेतला. ऊन ओसरीच्या पायरीवरून वर सरकलं आणि पितळेवर आलं. दुसरं कडवं चालू असताना मधल्या दट्ट्याच्या कडेला तेलाचा एक थेंब दिसला. मग कुणाचाही हात न लागता, गुडघ्यावर हात टेकून म्हातारं माणूस उठतं तसा, दट्ट्या सावकाश वर आला.