भाजलेला रवा

ओटा पुसता पुसता स्पृहाचा हात वाटीला लागला. मिक्सरच्या आड भाजलेल्या रव्याची वाटी काठोकाठ भरलेली होती, सकाळी ठेवली होती तशीच.

तिनं सिंकमधला चमचा उचलून नाकाशी धरला. बदाम.

ॲपल पायची पारी साच्यात बसवली की सफरचंदाच्या फोडी भरण्याआधी तळाला कोरडी पूड भुरभुरायची. फळाला सुटलेलं पाणी ती शोषून घेते आणि तळ खुसखुशीत राहतो. एरवी स्पृहा बदामाची पूड घाली. आज मात्र मुद्दाम रवा भाजून ठेवला होता, कारण ऑर्डर देताना मधुरिमानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"माझ्या इरावतीला मेव्याची ॲलर्जी आहे, स्पृहाजी. बदाम, काजू, कुछ भी नहीं. मागच्या साली आयसीयूत होती."

बाजारातल्या बेकरीचं काहीच चालत नाही, म्हणून तर सातव्या वाढदिवसाला घरी केलेला पाय. आणि पारी साच्यात बसवताना स्पृहाच्या खांद्यावर फोन होता, नाशिकहून आई बोलत होती. हात आपल्या सवयीनं बदामाच्या डब्यात गेला होता.

पाय कधीच पार्सलवाल्याबरोबर गेला होता. मधुरिमा फोन उचलेना. मेसेजही न वाचलेला. स्पृहानं ऑफिसात नवऱ्याला, समीरला फोन लावला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "चिमूटभर तर असेल."

"समीर, सात वर्षांची आहे ती."

"बरं, मग सांग, आतून कच्चा राहिलाय, खाऊ नका. बदामाचं कशाला बोलतेस? एकदा नाव खराब झालं की इथे कोण ऑर्डर देणार?"

तिनं फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

राऊहून परदेशीपुरा, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. भंवरकुआच्या चौकात क्लास सुटलेल्या पोरांची गर्दी रस्ताभर सांडली होती. सिग्नलला तिनं परत फोन लावला, नुसतीच रिंग. हेल्मेटच्या आत स्वतःचाच श्वास गरम लागत होता. कच्चा राहिलाय, ती पुटपुटली. अगदी सहज जमत होतं म्हणायला.

मधुरिमानं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात अर्धवट फुगवलेला फुगा होता.

"अरे, स्पृहाजी? इतक्या धूपमध्ये? फोन तर वर चार्जिंगला आहे माझा. या ना अंदर."

स्पृहा तिच्या बाजूनं तशीच आत शिरली. टेबलावर पाय कापलेला. समोर नवा फ्रॉक घातलेली इरावती, तिच्या बशीत एक तुकडा, हातात चमचा.

"खाल्लंस?"

"अजून नाही," इरावती म्हणाली. "आधी मम्मी खाते. मग थोडी देर थांबायचं. मग मम्मी सांगते ठीक आहे, तेव्हा मी. आत्ताच सांगितलं तिनं."

स्पृहानं बशी ओढून घेतली.

"नको खाऊस. हा आतून कच्चा..."

मुलगी रडली नाही, रुसली नाही. तिनं मान वर केली आणि विचारलं, "माझ्यासाठीच नको, की सगळ्यांसाठी?"

स्पृहानं बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "यात बदाम आहे. रवा घालायचा होता, तो राहिला. माझी चूक झाली."

फुग्यातली हवा सूं करत निघून गेली. स्पृहा ओरड्याची वाट बघत उभी राहिली. मधुरिमानं आधी मुलीच्या हातातला चमचा काढून घेतला. तिला सिंकपाशी नेऊन एकेक बोट साबणानं धुतलं, तिची हनुवटी धरून ओठ नीट पाहिले, जीभ पाहिली. मग खुर्चीवर बसली.

"मी चाखला होता," ती म्हणाली. "चांगले दोन घास. मला दालचिनीच लागली फक्त. मीच म्हटलं तिला, ठीक आहे."

इरावतीनं ओले हात नव्या फ्रॉकला पुसले.

"मग आता मी काय कापू?" इरावतीनं विचारलं. "माझे फ्रेंड्स येतील ना."

स्पृहाला निघून जायचं होतं. पैसे परत करते, असं म्हणायचंही तिनं ठरवलं होतं. तोंडून आलं ते वेगळंच.

"मैदा आहे घरात? आणि लोणी?"

मधुरिमानं तिच्याकडे पाहिलं, नजर हलवली नाही. मग ती उठली. अख्खा पाय पिशवीत बांधून तिनं दाराबाहेर ठेवला, टेबल पुसलं, ओटा पुसला, पुन्हा पुसला. कपाटातून मैद्याचं न फोडलेलं पाकीट काढलं.

"ओढणी बाहेर ठेवा. हात कोपरापर्यंत धुवा."

स्पृहानं अंगठीसुद्धा काढली. इरावती स्टूल ओढत ओट्याला येऊन टेकली.

"पहले काय?" तिनं विचारलं.

स्पृहानं मधुरिमाकडे पाहिलं. मधुरिमानं फ्रीजमधून लोणी काढून तिच्यासमोर ठेवलं, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, वास घेतला.

"बनवा," ती म्हणाली. "मी इथंच उभी आहे."