काजं डावीकडे

ग्वेन हार्डकॅसलच्या फोटोंनी हडर्सफील्डच्या संग्रहालयाची चार दालनं भरली होती. पंक, स्किनहेड, मॉड, काजळ ओसंडणाऱ्या गॉथ मुली. पंचेचाळीस वर्षांत इंग्लंडमधल्या पोरांनी आईबापांना रडवायला जे जे अंगावर चढवलं, ते सगळं तिने टिपलं होतं. काम मिरवावं असंच होतं आणि ग्वेन ते मिरवत होती. सत्तरीत खोटा विनय करायला तिला सवड नव्हती.

फक्त एका फोटोवरून संग्रहालयाच्या प्रमुख इमोजेनबाईंशी तिचं आठवडाभर वाजलं होतं.

"अहो, जाहिरातीत हाच फोटो आहे. जगाला तो तसाच माहीत आहे," इमोजेन म्हणाली होती. "तुम्ही फिरवून टांगलात तर लोक म्हणतील, आम्हीच उलटा लावला."

"म्हणू देत. जन्मात पहिल्यांदा सुलटा लागतोय."

"पण एवढा काय फरक पडतो?"

फरक कोटाचा होता. १९७९ साली सतरा वर्षांचा रॉनी एकरॉइड आपल्या स्कूटरला टेकून उभा होता, अंगात तीन बटणांचा नवा कोरा कोट. तो त्याच्या बापाने, वॉल्टर शिंप्याने, गिऱ्हाइकांची कामं उरकून तीन आठवडे खपून शिवला होता. लंडनच्या एका मासिकाने तो फोटो छापला, पण पोराचं तोंड मजकुराकडे हवं म्हणून उलटा करून. पुरुषाच्या कोटाची काजं डावीकडे असतात. छापल्यावर ती उजवीकडे गेली, बायकांच्या कोटासारखी. लंडनमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. हडर्सफील्डच्या, बेतशीर सुटांवर जीव टाकणाऱ्या मॉड पोरांना मात्र विजारीची मोहरी पाव इंच चुकलेली खपत नसे. त्यांनी एका नजरेत हेरलं.

"काय रे रॉन्या, बहिणीचा कोट ढापलास का?"

पोरांचं ठीक, पण गिऱ्हाइकंही वॉल्टरच्या दुकानात येऊन खिदळू लागली. "माझा तरी पुरुषाचा शिव हो, एकरॉइड!" ज्या माणसाने वाकडा टाका कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता, तो मान खाली घालून माप घेऊ लागला.

तेव्हा रॉनी ग्वेनकडे आला होता. "मासिकाला एवढं लिही, की चूक त्यांची आहे. बाबांसाठी."

ग्वेनने लिहिलं नाही. तिचा तो पहिलाच छापलेला फोटो होता. तक्रार केली तर दुसरं काम मिळणार नाही, या भीतीने ती गप्प बसली. पुढे त्याच फोटोने तिचं नाव झालं आणि प्रत्येक पुस्तकात तो तसाच उलटा छापला गेला. रॉनी पुन्हा तिच्याशी बोलला नाही. तिला या गोष्टीची लाज वाटायची आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

म्हणून या खेपेला तिने सांगून टाकलं, "सुलटा लावा, नाहीतर चारही दालनांतलं सगळं उतरवते." इमोजेन नमली. ग्वेनने मूळ निगेटिव्हवरून फोटो स्वतःच्या हाताने नव्याने छापला आणि एकरॉइड बापलेकांना बोलावणं धाडलं. उत्तर आलं नाही.

उद्घाटनाला समीक्षक कौतुक करत होते आणि ग्वेन दाराकडे बघत होती. चार वाजता रॉनी आला. टक्कल पडलेलं, पण विजारीची इस्त्री धारदार. चाकाच्या खुर्चीत एक्याण्णव वर्षांचा वॉल्टर.

"तुझ्यासाठी नाही आलो," रॉनी म्हणाला. "म्हाताऱ्याने हट्ट धरला."

"मला कळतं."

"जवळ ने रे," वॉल्टर खेकसला. त्याने चष्मा पुसला. मुलाच्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. खांदा, कॉलर, खिसा, मग खाली बटणं. त्याचं बोट काचेपासून इंचभर लांब, हवेतच एकेका काजावरून सरकलं.

"डावीकडे," तो म्हणाला. मग मान पुढे काढून, "कॉलर वर चढलीय."

"बाबा, मी खांदे उडवले होते!"

"तेव्हाही सांगितलं होतं, नीट उभा राहा म्हणून."

फोटोखालच्या पाटीवर पहिली ओळ होती: कोट, वॉल्टर एकरॉइड, शिंपी. त्याखाली: फोटो, ग्वेन हार्डकॅसल. म्हाताऱ्याने ती दोनदा वाचली.

"उशीर केलास, पोरी."

"हो. चुकलंच माझं."

"काम चोख आहे पण."

"मला कधी म्हणाले नाहीत हे," रॉनी पुटपुटला, पण ग्वेनकडे बघून हसला.

वॉल्टर मात्र तिथून हलेना. संग्रहालय बंद होईपर्यंत तो फोटोशेजारी ताठ बसून राहिला. एका तरुण जोडप्याने ग्वेनला ओळखलं आणि विचारलं, "हा तुमचाच ना?"

तिने तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला.

"फोटो हिचा. कोट माझा."