गजाला राहिलेली गाठ

मित्रांनो, त्या खिडकीच्या गजाला एक निळी गाठ दिसते ना? ती माझीच. बाकीचा मी, एक जुना रबरी पट्टा, खालच्या खणात वेटोळं करून पडलो आहे. असा दोन जागी का राहतो, ते सांगतो.

नवा होतो तेव्हा माझ्या अंगात मोठी रग होती. ओढलं की लांब व्हायचं आणि सोडलं की झटकन परत यायचं, एवढंच मला येई. एका पोहणाऱ्या मुलीनं मला घरी आणलं. तिला सगळे मासोळी म्हणत. तिनं माझं एक टोक गजाला घट्ट बांधलं. दुसरं धरून ती पाण्यात मारावेत तसे हात मारी. व्यायाम झाला की ते टोक समोरच्या भिंतीतल्या खुंटीला अडकवून ती निघून जाई.

"रोज कोण सोडबांध करत बसणार?" ती म्हणे.

"बरं झालं, आयती दोरी मिळाली!" म्हणत आई माझ्यावर ओले टॉवेल वाळत घाली.

सकाळी मासोळी ओढी आणि दिवसभर धुणं. मी सदाचा ताणलेलाच. शेजारचा पडदा वाऱ्यावर सैल झुलायचा. मला त्याचा फार हेवा वाटे.

मोठ्या स्पर्धेची निवड जवळ आली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी मासोळीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम सांगितला होता. आई आठवण करून देई.

"आराम म्हातारपणी करीन गं!"

"तोवर हात जागेवर राहू देत म्हणजे झालं," आई म्हणे, आणि माझ्यावर आणखी एक चादर टाकी.

एके दिवशी मासोळी आनंदानं ओरडली, "आई, बघ! पूर्वी दम लागायचा, आता सहज ओढते. ताकद वाढली माझी!"

मित्रांनो, तिची ताकद वाढली नव्हती. माझी गेली होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी पडलो मुका, त्यात दोन्हीकडून अडकलेला. तिनं व्यायाम दुप्पट केला. तिच्या उजव्या खांद्याची थरथर माझ्यातून जाई. फळीवरचा डबा ती डाव्या हातानं काढू लागली. तिचं दुखणं फक्त मला ठाऊक होतं.

तलावात ती मागे पडू लागली, तेव्हा बाई घरी आल्या. त्यांनी मला ओढून सोडलं. मी तसाच लोंबत राहिलो.

"हा पट्टा आहे की पायजम्याची नाडी? याला कधी सोडतेस तू?"

आईनं गुपचूप टॉवेल उचलले. बाई मासोळीकडे वळल्या.

"आता उजवा हात वर कर."

हात कानापर्यंतही गेला नाही. मासोळीचे डोळे भरून आले.

"अगं वेडे," बाई हळूच म्हणाल्या, "हा दमला होता. आणि तूही."

त्या वर्षीची निवड हुकली. खांदा बरा होईपर्यंत पोहणं बंद झालं. मासोळी भिंतीकडे तोंड करून रडली. मग उठून मला सोडवू लागली. खुंटीवरचं टोक सुटलं, पण गजावरची गाठ दगडासारखी बसली होती. शेवटी कात्री आणावी लागली.

तिनं खांदा वेळेत सैल सोडला, म्हणून तो सावकाश बरा झाला. पुढच्या निवडीत तिचं नाव लागलं. माझी रग मात्र परत आली नाही. मी फार उशिरा सुटलो.

आता नवा पट्टा आला आहे. आईनं धुण्यासाठी खरी दोरी बांधली आहे. आरामाच्या दिवशी मासोळीचे हात अजून शिवशिवतात. ती खण उघडते, नवा पट्टा हातात घेते. मग तिची नजर गजावरच्या गाठीकडे जाते आणि ती त्याला परत माझ्या शेजारी ठेवते.

मित्रांनो, पोहा, पळा, घाम येईपर्यंत खेळा. पण खेळ झाला की स्वतःला खुंटीवरून काढून ठेवत जा. आमच्या खणात आज नवा पट्टा सैल पडून झोपला आहे. उद्या ओढून सोडला की तो झटकन परत येईल.